जिजींची अंगारकी आणि टोरांटोचा चंद्र

"किती लांब आहे?" हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा एखाद्या मैलाच्या दगडालाही कुणी विचारला नसेल. सुरतेच्या रिंगरोडवर, साड्यांच्या मार्केटसमोर, रमणीकभाईंच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी विमानाची तिकिटं फाडत होतो. 'फाडत होतो' हे अक्षरशः खरं. तेव्हा तिकीट हातानं लिहायचं, खाली लाल कार्बनची पानं, आणि पेन दाबलं नाही तर शेवटच्या पानावर लंडनचं नुसतं 'ल' उमटायचं.

आम्ही परदेशची विमानं विकायचो, पण सुरतेतून विमान असं नव्हतंच म्हणा. आमचं विमानतळ म्हणजे सुरत स्टेशन. पहाटेची गाडी पकडायची, मुंबईला उतरून टॅक्सीनं सहारचं विमानतळ गाठायचं, आणि मग जगात कुठंही जायचं. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं मत एकच होतं: लंडन-न्यूयॉर्क सोपं, सुरत ते सहार अवघड.

अंतर सांगणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात फसवं काम. किलोमीटर सांगितले तर माणूस मान डोलावतो आणि पुढं विचारतो, "म्हणजे पोचतो कधी?" तास सांगितले तर तो बोटांवर मोजतो आणि म्हणतो की तिकिटावर तर वेगळंच लिहिलंय. कारण तिकिटावर निघायची वेळ इथल्या घड्याळाची असते आणि पोचायची तिथल्या. हे समजावून द्यायला रमणीकभाईंनी भिंतीवर तीन घड्याळं लावली होती: सुरत, लंडन, न्यूयॉर्क. त्यातलं लंडनचं बंद पडलं होतं. चहावाल्याला बरेच महिने वाटत होतं की लंडनमध्ये कायम सव्वाचार वाजलेले असतात.

एक कामरेजचे पटेल होते. अमेरिकेत भावाकडे जाऊन आले आणि तडक आमच्या काउंटरवर येऊन उभे राहिले. "पाटील, मारो बुधवार क्यां गयो?" मंगळवारी रात्री तिकडून बसले, गुरुवारी मुंबईत उतरले. मधला बुधवार त्यांना कुणी दिलाच नाही. मी म्हटलं, "काका, जाताना तुम्हाला दिवस लांबलचक मिळाला होता ना? तोच येताना कापून घेतात." ते म्हणाले, "जतां तो हुं ऊंघतो हतो!" जाताना झोपेत मिळालेला दिवस त्यांना मान्य नव्हता. त्यांना बुधवारच हवा होता, आणि तो आम्हीच कुठंतरी ठेवलाय असा त्यांचा चेहरा होता.

अशी माणसं रोजची. पण एक प्रवासी मात्र अशी भेटली की तिच्यापायी आमच्या एजन्सीत दोन दिवस तिकिटं बाजूला पडली आणि चंद्राचं काम सुरू झालं.

मी मूळ शिरपूरकडचा. राहायला सुरतेच्या बमरोलीत, लूमवाल्या खानदेशी माणसांच्या चाळीत. शेजारच्या खोलीत सीताबाई राहायच्या. सगळी चाळ त्यांना जिजी म्हणायची. त्यांचा एकुलता एक मुलगा भटू माझ्याबरोबरचा. लूमचा फिटर, हात असा की बिघडलेल्या मागाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगायचा. सुरतेच्या एका शेठचे नातेवाईक टोरांटोत गाद्यांचं कापड विणायचे. त्यांनी भटूला नेलं. त्याला सहा वर्षं झाली. तिकडेच त्याचं लग्न झालं, तेही नाशिककडच्या मुलीशी. आता बायको गरोदर होती. आधी दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. या खेपेला तिनं सांगितलं होतं, आईला बोलवा.

जिजींना बोलवायला फारसा वेळ लागला नाही. वेळ लागला तो दिवस ठरवायला.

मी सोमवार काढून दिला. मुंबई-लंडन, लंडनला काही तास थांबा, मग लंडन-टोरांटो. जिजी काउंटरसमोर खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "सोमवार नको. मंगळवार शे का?"

"आहे. पण जिजी, मंगळवारी संकष्टी आहे. होळीनंतरची. अंगारकी."

"मंग! गणपतीना वारले निंघसू."

भटू परदेशी गेला त्या महिन्यापासून जिजी संकष्टी करत होत्या. दिवसभर पाणी आणि काळा चहा, रात्री चंद्र पाहून त्याला पाण्याचं अर्घ्य द्यायचं आणि मगच जेवायचं. डोळ्यांनी चंद्र दिसल्याशिवाय घास नाही. पावसाळ्यात ढग असले तर गच्चीवर बसून राहायच्या. एकदा पहाटेपर्यंत बसल्या आणि चक्कर येऊन पडल्या होत्या. आता तर सुनेची अशी अवस्था. हा उपास मोडला तर त्या पोराला काही होईल, ही भीती त्यांच्या मनात घट्ट बसली होती. 

मी तिकिटाचा कागद पुढं ओढला. जिजींनी हात वर केला. "परकास, ईमानमा चांद कव्हय निंघी, तेवढं सांग."

वीस वर्षं मी माणसांना सांगत होतो की विमान कधी निघेल. चंद्र विमानात कधी निघेल, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

सोपी गोष्ट असेल असं वाटून मी मुंबईला विमान कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तिथं एक बाई होत्या, आवाजावरून फार शिस्तीच्या. मी म्हटलं, "एका पॅसेंजरच्या जेवणाबद्दल विचारायचंय."

"स्पेशल मील? व्हेज, जैन, डायबेटिक?"

"व्हेजच. पण चंद्र उगवल्यावर."

 "किती वाजता?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय."

"मिस्टर पाटील, आम्ही विमानाच्या वेळा देतो. चंद्राच्या देत नाही."

तरी बाई भल्या. म्हणाल्या, बुकिंगमध्ये शेरा टाकते, विमानातले लोक वाचतील. शेऱ्याला अक्षरं मोजकीच होती. बऱ्याच चर्चेनंतर इंग्रजीत जे बसलं त्याचा अर्थ होता: 'प्रवासी चंद्र पाहिल्यावर जेवेल. कृपया चंद्र दाखवा.'

मग मी उधन्याच्या देवळातल्या गुरुजींना गाठलं. त्यांनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला. "चंद्रोदय गावाप्रमाणे धरतात. पाय ज्या गावाच्या जमिनीवर, त्या गावाचा चंद्रोदय."

"आणि पाय जमिनीवर नसले तर?"

गुरुजींनी पुष्कळ विचार केला. "मग पंचांग लागू होत नाही."

मला वाटलं, सुटलो. धावत जाऊन जिजींना सांगितलं की आकाशात पंचांग लागू नाही, खुशाल जेवा. जिजी म्हणाल्या, पंचांग लागू नाही म्हणजे जेवायची परवानगीपण लागू नाही. यावर मी गुरुजींकडे परत गेलो नाही.

रमणीकभाईंनी वेगळाच तोडगा काढला. "अरे, एमां शुं छे! रात्री इथे सुरतमध्ये चांद उगवेल तेव्हा आपण गच्चीवरून बघू. जिजीबाने तेव्हा घड्याळ बघून तिकडे जेवून घ्यायचं."

 जिजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू चांद देखशी, आन मी खासू? मंग तू जेव, मन्हं पोट भरी!"

आता हे गणित आम्हालाच सोडवायचं होतं. रमणीकभाईंनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला. गिऱ्हाइकाला विमान सरळ पश्चिमेला न जाता ग्रीनलंडच्या बाजूनं का वळतं, हे दाखवायला तो ठेवलेला. नकाशावर ती वाट वाकडी दिसते, पण गोलावर लंडन आणि टोरांटोमध्ये दोरा ताणला की तो आपोआप वर उत्तरेला सरकतो. तीच जवळची वाट. दोरा आम्ही बमरोलीच्या एका मागावरून आणलेला पॉलिस्टरचा वापरायचो, तुटत नाही म्हणून. मुंबई ते लंडन सात हजार किलोमीटरच्या वर, पुढं टोरांटो साडेपाच हजारांच्या वर.

सूर्य म्हणून टेबललॅम्प लावला. चंद्र म्हणून लिंबू घेतलं आणि ते अगरबत्तीच्या काडीला टोचलं. उजेड कमी हवा म्हणून शटर अर्धं ओढलं. तेवढ्यात शटरखालून वाकून हिऱ्यांचे एक दलाल आत आले. त्यांना अँटवर्पचं तिकीट हवं होतं.

"बसा, एक मिनिट," मी म्हटलं. "हे जरा धरता का?"

त्यांनी चंद्र धरला. आधी उभ्यानं, मग बसून. रमणीकभाई गोल फिरवत होते, मी दोऱ्यावरून टाचणीचं विमान पुढं सरकवत होतो. थोड्या वेळानं दलालांचा हात भरून आला, पण त्यांनी लिंबू सोडलं नाही. उलट त्यांनाच मुद्दा लवकर कळला. "तमारुं विमान भागे छे," ते म्हणाले. विमान चंद्रापासून पळतंय.

खरंच तसं होतं. जिजी पश्चिमेला जाणार, चंद्र पूर्वेकडून वर येणार. त्या उत्तरेच्या वाटेवर विमानाचा वेग आणि पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जवळपास सारखा. म्हणजे चंद्र उगवायच्या बेतात असेल आणि विमान पुढं सटकेल, तो पुन्हा उगवायच्या बेतात येईल आणि विमान पुन्हा सटकेल. टोरांटोला उतरून थोडं थांबेपर्यंत चंद्र जिजींना गाठणारच नव्हता. सुरतेत तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ चांगली वर आलेली असणार.

दलालांनी अँटवर्पचं तिकीट घेतलं आणि जाताना विचारलं, "बा जमशे क्यारे?" ही बाई जेवणार कधी? सगळ्यांना तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी जिजींना स्वच्छ सांगितलं. "जिजी, उपास एका दिवसाचा नाही राहणार. जवळजवळ दीड दिवसाचा होईल. बुधवारी निघा. मी बदलून देतो."

जिजी पिठाचे हात धूत होत्या. "भटूकरता नऊ महिना काढात. एक रात काय जड शे?"

मी शेवटी एवढंच केलं की खिडकी दिली. डावीकडची, शेपटीजवळची, कारण चंद्र मागून येणार. सोबत त्यांनी दशम्या घेतल्या, तळलेले गुळाचे मोदक घेतले आणि अर्घ्याला तांब्या. तांब्या सामानात टाकायला लावला, तर म्हणाल्या, सामानातून चंद्राला पाणी कसं देऊ? मी त्यांना सहारला सोडलं. आत जाताना त्यांनी वळून बघितलं नाही. मी मात्र परतीच्या गाडीत बसून घड्याळ बघत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी भटूचा फोन आला, आई पोचली. पुढं काही विचारायच्या आत लाइन तुटली.

काय झालं ते मला पाच महिन्यांनी कळलं. जिजी परत आल्या, आणि तिसऱ्याच दिवशी काउंटरसमोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. रमणीकभाईंनी दोन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं.

लंडनला धुकं होतं. पुढचं विमान तासन् तास सुटलंच नाही. म्हणजे आमचं लिंबाचं गणित पहिल्याच फटक्यात बाद. जिजी काळा चहा पीत बसून राहिल्या. शेजारी एक म्हातारे सरदारजी होते, तेही टोरांटोला मुलाकडेच चाललेले. त्यांनी बिस्किटं पुढं केली, जिजींनी वर बोट दाखवलं. सरदारजींना वाटलं, देवाची इच्छा म्हणतायत. त्यांनीही हात जोडले.

एकदाचं विमान सुटलं. धुक्यातून वर निघालं, वळलं आणि डाव्या खिडकीत चंद्र आला. लाल, चपटा, पार खाली ढगांच्या रेघेवर टेकलेला.

जिजी सांगत होत्या, "मी इतली वरडनू, का पुढला लोक उठी गयात!" हवाईसुंदरी धावत आली. तिच्या हातात कागद होता. तिनं कागद वाचला, खिडकीतून पाहिलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाली, "मून!" तिला हे काम लंडनपासून सोपवलेलं होतं आणि ते पार पडलं होतं. जिजींनी प्लॅस्टिकच्या पेल्यातलं पाणी अर्घ्य म्हणून सोडलं. ते खाली जाऊ नये म्हणून सरदारजींनी उलटीची कागदी पिशवी उघडी धरली. मग जिजींनी डबा उघडला, एक मोदक हातात घेतला, चंद्राकडं पाहिलं, तर चंद्र अर्धाच उरलेला.

"आते?" रमणीकभाईंनी विचारलं. 'आता?' एवढीच अहिराणी त्यांना येत होती.

"चांद ऊना, आन परत चालना गया. जठून ऊना तठेच! मन्हा हातमा मोदक तसाच."

चंद्र बुडाला होता. ढगात नाही, खाली. उगवला त्याच जागी, पूर्वेला. विमान उत्तरेकडं सरकत गेलं तसा तो मागं क्षितिजाखाली उतरला. आमच्या गोलावर हे आम्हाला दिसलं नव्हतं, लिंबू धरणाऱ्याचा हात थोडा वर होता बहुतेक.

विमानात पेच पडला. सरदारजी म्हणाले, "माताजी, चाँद ने मुँह दिखा दिया, अब आप खा लो." जिजींचं म्हणणं, जो टिकला नाही तो उगवला कसा म्हणायचा? हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सरदारजींनी आग्रह सोडला. सुनेचं पोटातलं दोनदा टिकलं नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं त्यांना समजलं असावं. जिजींनी हातातला मोदक डब्यात ठेवला. हवाईसुंदरी दोनदा येऊन खिडकीत वाकून गेली, जणू चूक तिचीच होती. शेवटी ती वैमानिकाला विचारून आली. सरदारजींनी हिंदीत सांगितलं, "कप्तान साहब कहते हैं, चाँद फिर आएगा. टोरांटो में पक्का."

तिथं उतरल्यावर भटू समोर उभा होता. जाडजूड कोट, टोपी, सहा वर्षांत अंगानं दुप्पट. त्यानं पाया पडून पहिलंच वाक्य म्हटलं, "माय, आधी काही खाई ले." जिजी म्हणाल्या, आधी चंद्र.

बाहेर गाड्यांच्या मोकळ्या मैदानात बर्फाचे ढीग होते. गाडीत बस म्हटलं तरी त्या बसेनात. शालीत गुंडाळून उभ्या. भटू फोनवर दर महिन्याला सांगायचा की मीपण इथं संकष्टी करतो, चंद्र पाहूनच जेवतो. म्हणून जिजींनी त्याला विचारलं, "भटू, आठे चांद कोणता बाजूले निंघस?"

भटूनं चटकन हात वर केला आणि एका बाजूला दाखवलं. "तठे."

दोघं तिकडं तोंड करून उभे राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग शेजारच्या गाडीच्या काचेत जिजींना उजेड दिसला. वळून पाहिलं, तर त्यांच्या पाठीमागं चंद्र चांगला हातभर वर आला होता.

  जिजी पदरानं ओठ पुसत म्हणाल्या, "माले समजनं. मी काहीच बोलनू नही. पहिला मोदक त्यालेच खावाडा."

मुलगी झाली, सुखरूप. तिचा फोटो जिजींनी काउंटरवर ठेवला, तो रमणीकभाईंनी दोन्ही गिऱ्हाइकांना दाखवला. एका संकष्टीत दोनदा चंद्रोदय झाला म्हणजे दोन संकष्ट्यांचं पुण्य लागतं का, हे जिजींना गुरुजींना विचारायचं होतं. गुरुजी म्हणाले, हे काशीला विचारावं लागेल. अजून उत्तर आलेलं नाही.

मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. आता अंतर आणि वेळ फोनवर बोट ठेवलं की कळतात, आणि सुरतेतूनच विमानं उडतात. मी स्वतः कधी परदेशी विमानात बसलो नाही. इतक्या लोकांना खिडक्या दिल्या, आपण एकदा बसून बघायला हवं होतं, असं कधीकधी वाटतं.

पण त्या वर्षी, जिजी परतल्यानंतरच्या महिन्यात, एजन्सीत भटूचा फोन आला. आवाज दबका.

"परकास, मायले सांगू नको. उद्या संकष्टी शे ना?"

"आहे."

"आठे चांद कोणता बाजूले निंघस, ते कसं वळखानं रे?"

तो कारखान्यातून बोलत होता. पलीकडून मागांचा आवाज येत होता. नुसतं 'पूर्व' म्हणून त्याला कळलं नसतं. बिघडलेला माग त्याला आवाजावरून कळायचा, दिशा कधीच कळल्या नाहीत. घराची बाजू तेवढी ठाऊक असणार.

मी म्हटलं, "सुरत ज्या बाजूला असेल ना, तिकडं तोंड करून उभा राहा."

"बरं," भटू म्हणाला. "तठेच तोंड करी उभा ऱ्हासू."